टाकीची किल्ली माझ्या कमरेला

माझं कुणीच खरं धरलं नाही. आधी एवढं लिहून टाकते, मग बाकीचं. आमच्या मोजणीच्या सर्वांत मोठ्या साहेबांच्या, मोहतमीमांच्या, पायाला नारू निघाला आणि सगळा कॅम्प माझ्या टाकीकडं बोट दाखवायला लागला. चाळीस माणसं कॅम्पात! एकाच्याही तोंडून "गयाबाईची टाकी तशी न्हाई" एवढं निघालं नाही. नारू म्हणजे पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा. घाण पाण्यातून पोटात जातो आणि पायातून बाहेर येतो. ज्याला निघाला तो महिना महिना अंथरुणावर. पाणी राखणाऱ्या बाईला ह्याहून मोठी शिवी कोणती?

पण त्या किश्श्याच्या आधीचेही किस्से आहेत, तेही सांगितले पाहिजेत. आमचा जमीनमोजणीचा कॅम्प, हैदराबाद सरकारचा. परभणीहून दिवाळीनंतर निघायचा तो पावसाच्या तोंडावर परतायचा. तंबू, साखळ्या, कागदांच्या पेट्या, आणि सगळ्यांत मागं लोखंडी टाकीची बैलगाडी. गाडी हाकायचे आमचे मालक किसनराव, टाकी राखायची मी. दहा वर्षं राखली. किस्से कसे साठतात म्हणाल, तर टाकीच्या तळाला गाळ साठतो तसे. रोज चिमूटभर, दिसतसुद्धा नाही. टाकी उपसायला घेतली की बादलीभर निघतो!

*

ही टाकी माझ्याकडं आली कशी? माझ्या आधी एक पाणक्या होता. टाकीला झाकण नव्हतं, एक पोतं टाकलेलं. मी तेव्हा नुसती ह्यांच्या भाकरी थापायला कॅम्पात राहत होते. एक दिवस तोटीतून पाणी येईना. पाणक्यानं काडी घातली, तर बेडकाचा पाय बाहेर आला!

मी म्हणलं, "आरं, हे काय?"

तो म्हणतो, "बेडूक पाण्यातच राहतो की बाई. त्याला कुठं पाठवू?"

मी तो बेडूक पळसाच्या पानावर घेतला आणि थेट मोहतमीम साहेबांच्या तंबूपुढं जाऊन उभी राहिले. ते चहा घेत होते. चपराशी आडवा आला, त्याला बाजूला सारला.

"हुजूर," म्हणलं, "तुमच्या सकाळच्या चहात हा पोहून गेला. वळख असावी म्हणून आणला."

साहेबांनी पेला खाली ठेवला. सांजच्याला टाकीला झाकण आलं, झाकणाला कुलूप आलं, आणि किल्ली माझ्या कमरेला!

*

कुलपावरून कितीजणांशी भांडले त्याला गणती नाही. माझं म्हणणं एकच. ज्याला पाणी पाहिजे त्यानं तोटीखाली भांडं धरावं. वरून तांब्या बुडवायचा नाही. तांब्याबरोबर हात बुडतो, आणि हातानं माणूस दिवसभर काय काय करतो ते मला सांगायला लावू नका.

एकदा जिंतूरला पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, घोड्यावरून आले. घाई फार. तोटीची धार बारीक, तांब्या भरेना. "झाकन खोल," म्हणले.

"न्हाई खोलणार."

"मी कोन हाय ठाऊक हाय का?"

"तुमी कोन ते ठाऊक न्हाई. तुमचा तांब्या आत्ता शेणावर ठेवला होता, ते ठाऊक हाय."

अमीन लालबुंद! तडक साहेबांकडं शिकायत घेऊन गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बैठो अमीन साहब. मेरे लिए भी नहीं खोलती."

*

गाळण्याचा किस्सा तर अजून लोक काढतात. टाकीत जाणारा थेंबन् थेंब मी दुहेरी फडक्यातून गाळायची. फडकं झिजलं, चाळणी झाली त्याची. नवं मागितलं तर कचेरीतून उत्तर, दरखास्त द्या. दरखास्त दिली. उत्तर आलं, मंजुरी परभणीहून येईल. मंजुरी येईपर्यंत काय चाळीस माणसांनी तहानेलं राहायचं?

त्याच दिवशी दोरीवर एक पांढरं स्वच्छ मलमल वाळत होतं. लांब, रुंद, विणीला घट्ट. मी दुहेरी केलं आणि टाकीच्या तोंडाला बांधलं. पाणी कसं मोत्यासारखं उतरलं!

थोड्या वेळानं साहेब स्वतः आले, बोडक्या डोक्यानं.

"गयाबाई, यह तो मेरा साफा है!"

म्हणलं, "डोक्यावर व्हता तवर साफा व्हता हुजूर. आता सगळ्या कॅम्पाच्या पोटाचा धनी झालाय."

मंजुरी तिसऱ्या दिवशी आली. एरवी तीन महिने लागतात!

*

पाणी साफ करायची लाल दवा आली तेव्हाची गंमत. परभणीच्या कंपाउंडरनं पुडी दिली आणि सांगितलं, "टाकीत चिमूटभर टाका." आता चिमूट कुणाची? कंपाउंडरची बोटं काडीसारखी, माझी भाकरी थापणारी. माझी चिमूट पडली आणि सगळी टाकी गुलाबी झाली!

कॅम्प बोंबलायला लागला. कुणी पिईना. तेवढ्यात हैदराबादेहून एक नवा मोजणीदार आला, उन्हातून दमून. त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं तोटीखाली पेला धरला, तीन पेले घटाघट प्याला, मिशा पुसल्या आणि मला म्हणाला, "सरबत अच्छा है बाई, मगर शक्कर कायकू बचाते?"

त्याच्या मागं सगळी रांग लागली. संध्याकाळपर्यंत टाकी खडखडीत!

*

आता दोन तोट्यांची गोष्ट. पुढची गोष्ट कळायला ही पाहिजे.

कॅम्पात निम्मे हिंदू, निम्मे मुसलमान. एका तोटीवरून रोज कुरबूर. सगळ्यांत जास्त साहेबांचे पेशकार वामनराव. पेशकार म्हणजे साहेबांचे कारकून, सगळे कागद त्यांच्याच हातचे. त्यांचं सोवळं असं कडक, की सावली पडली तरी आंघोळ. शेवटी मी परभणीच्या लोहाराकडून टाकीला दुसरी तोटी बसवून घेतली. उजवी हिंदूंची, डावी मुसलमानांची. दोन वर्षं कसं शांत! वामनराव उजव्या तोटीचं पाणी पिऊन मला म्हणायचे, "ह्या पाण्याला चव निराळीच हो."

मग एक दिवस आमचा बावर्ची रहीमचाचा टाकीला टेकून बसला होता. सरळ माणूस. म्हणाला, "गयाबाई, एक पूछूं? अंदर दीवार है क्या?"

मी म्हणलं, "भिंती बाहेरच लय हायत चाचा. आत कशाला बांधू?"

वामनराव मागं उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला की मला भीती वाटली, हे आता दोन वर्षांचं पाणी ओकतात की काय!

"म्हणजे पाणी एकच?"

"मग? टाकीला काय दोन पोटं हायत?"

त्या दिवसापासून त्यांनी टाकीला हात लावला नाही. स्वतःची तांब्याची घागर आणली, आणि कॅम्प जिथं पडेल तिथं स्वतः जाऊन भरायला लागले. मी म्हणलं, बरं झालं, एक कटकट गेली.

*

आता नारू.

ह्या गोष्टीला दोन वर्षं झाली, कॅम्प पेडगावला होता. आधी वामनरावांचा घोटा सुजला, दोरा दिसला. आठ दिवसांत साहेबांच्या टाचेतून दुसरा. साहेब आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, नारू काडीला गुंडाळलेला. ओढला तर तुटतो, म्हणून रोज एक वेढा द्यायचा. साहेबांसारखा माणूस घामानं भिजायचा.

वामनराव लंगडत माझ्याकडं आले. हातात उर्दूत लिहिलेला कागद.

"गयाबाई, इथं अंगठा लाव."

"काय लिवलंय?"

"काही नाही. टाकीची हकीकत."

माझ्या चार इयत्ता झालेल्या त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या शाळेत मास्तरनं अलिफ-बे छडीनं शिकवलेलं, जन्मात विसरणार नाही! मी एकेक अक्षर लावलं. पाणीवालीच्या गफलतीनं साहेबांना नारू झाला, आणि मला हे कबूल आहे. खाली, नवराबायको दोघांना कामावरून कमी करावं.

मी म्हणलं, "वामनराव, मी अंगठा लावत नसते. सही करत असते. आन् ह्याच्यावर ती बी न्हाई."

कॅम्पात बातमी पसरली. काल माझ्याशी हसणारी माणसं घागरी घेऊन गावात जायला लागली. मी ओरडून सांगत होते, "आरं, चाळीस जण पितायत, नारू दोघांनाच कसा?" कोण ऐकतंय! आमचे मालक बैलांना चारा टाकता टाकता म्हणाले, "जाऊ दे. गावाकडं जाऊ."

"जायचं तर जाऊ. पन नारूवाली बाई म्हणून मी गावात पाय ठिवणार न्हाई!"

दुसऱ्या दिवशी परभणीहून डॉक्टर आले. साहेबांचा पाय बघितला, वामनरावांचा बघितला. सगळा कॅम्प गोळा झालेला. वामनराव कागद पुढं करून उभे.

मी पुढं झाले. "डॉक्टर साहेब, नारू पोटात गेल्यापास्नं निघायला किती दिस लागतात?"

"जवळजवळ साल लागतं."

"मग आजच्या टाकीत काय हुडकायलात? गेल्या साली ह्या दिसांत कॅम्प चारठाण्याला व्हता. तिथं पायऱ्यांची बारव हाय. निम्मं गाव तिच्यात नारूचे पाय सोडून बसतं. मी ती बारव बघितली आन् टाकी कोसभर लांब, शेंदायच्या विहिरीवर धाडली. इचारा आमच्या मालकांना."

"ते सांगणारच!" वामनराव म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. "गयाबाई, मैंने टाकी छोड़के दूसरा पानी पिया ही नहीं."

लोक मागं कुजबुजायला लागले. दहा वर्षांची टाकी, आणि साहेबच असं बोलले! मग एकाएकी मला सुचलं.

"हुजूर, चारठाण्याला तुमची सुरई कोन भरायचं?"

"पेशकार साहब. खुद. रोज."

रहीमचाचानं हातातली पळी खाली ठेवली. "हुजूर," तो म्हणाला, "पेशकार साब तो टाकीकू हाथ बी नै लगाते."

डॉक्टरांनी एकदा साहेबांच्या टाचेकडं बघितलं, एकदा वामनरावांच्या घोट्याकडं.

"हुजूर," वामनराव म्हणाले, "टाकीचं पाणी उन्हानं तापायचं. बारवेचं कसं गारेगार. आपल्याला गार लागतं, म्हणून मी माझ्याच घागरीतून वरून सुरईत... आपण तर रोज वाखाणत होता हुजूर."

साहेब काडीवरचा नारू बघत राहिले. मग कागद घेतला, फाडला आणि म्हणाले, "नया लिखो. अभी. यहीं."

वामनराव खाली बसले. पेटी मांडीवर घेतली, लेखणी बुडवली. सगळं लिहून झालं. 'कसूरवार', म्हणजे दोषी, एवढं लिहिलं आणि हात थांबला.

"हुजूर... नाव?"

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघितलं.

"लिखवाओ, गयाबाई."

मी पदर खोचला. कपाळावरचा घाम पुसला. चाळीस माणसांना ऐकू जाईल असं, सावकाश, एकेक अक्षर सांगितलं:

"लिवा. वामनराव दत्तोपंत पेशकार."