सोलांची अर्धी पिशवी

बारावीपर्यंत माझं इंग्रजी बरं होतं. पर्यावरणावर निबंध म्हटलं की पानभर खरडून द्यायचे. पण चाळणीला काय म्हणतात, झाकणाला काय, असं विचारलं की तोंडाला कुलूप. नवरा मालवाहू बोटीवर फिटर. त्याच्या कंपनीचा फोन आला की मी तो दिराच्या हातात द्यायचे. नवरा म्हणायचा, "माझी बोट कुठं आहे, एवढं तरी तुला तुझ्या तोंडाने विचारता यायला नको?" त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा.

शेवटी एसटी स्टँडजवळच्या क्लासला नाव घातलं. मॅडमनी सांगितलं, दिवसभरात ज्याला हात लागतो त्याची नावं आधी शिका, मग एका विषयावर पाच मिनिटं न थांबता बोला. मी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. लिड, लेडल, बकेट. सासूबाई म्हणाल्या, "आता देवाला पण एक चिठ्ठी लाव गो." शब्द पाठ झाले, पण ती पाच मिनिटं काही जमेनात. दीड मिनिटात माझी गाडी अडायची.

सप्टेंबरात नवरा बोटीवरच वारला. झोपेत, हृदय बंद पडून. तो फोन दिराने घेतला, मी बाजारात मासे घ्यायला गेले होते. त्याला घरी आणलं, दिवसकार्य झालं. मला रडू येईना. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांना चहा घेणार का विचारायचे. आत सगळं बधीर झालं होतं. चिठ्ठ्या मात्र तशाच राहिल्या. येता-जाता मी त्या वाचायचे.

महिनाभराने दुपारी बोटीवरून फोन आला. दिराने सवयीने हात पुढे केला, पण या वेळी मी दिला नाही. पलीकडे नवऱ्याच्या खोलीत राहणारा फिलिपिन्सचा माणूस होता. सामानाची पेटी भरतोय, एकेक वस्तू सांगतो, काय पाठवायचं ते बोला, म्हणाला.

दोन टॉवेल. येस. कंगवा, साबणाची डबी, चादर, चमचा. येस, येस. एकही शब्द अडला नाही. सांगायला लाज वाटते, पण मला जरा बरंसुद्धा वाटलं.

मग तो थांबला. एक प्लास्टिकची पिशवी आहे, म्हणाला. काळे सुकलेले तुकडे, आंबट वास. जेवणानंतर तुमचा नवरा एक तोंडात टाकायचा, मला वाटायचं औषध असेल. पण आता सडलंय बहुतेक. फेकू?

सोलं होती ती, कोकमाची. मे महिन्यात अंगणात मीच वाळवलेली. किती उरलीत, विचारलं. अर्धी पिशवी, म्हणाला. म्हणजे नवरा पुरवून पुरवून खात होता.

सोलांना इंग्रजीत काय म्हणतात ते माझ्या कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं. मी म्हटलं, सडलेलं नाही. फळाची साल आहे, जेवणात घालतात. फेकू नका, तुम्हीच ठेवा. त्याने विचारलं, घालायचं कसं?

मग मी सांगत गेले. चार सालं धुवून घ्या. नारळाचं वाटण आणि तिखट पाण्यात उकळा, मग मासे सोडा. मीठ बेताने, सालांत आधीच आहे. शिजत आलं की सालं टाका. डावाने ढवळू नका, मासा मोडतो. भांडं धरून नुसतं हलवा. झाकण अर्धं ठेवा. तो लिहून घेत होता. मध्येच म्हणाला, स्लोली, मॅडम.

फोन ठेवला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. दीर म्हणाला, "वहिनी, कुठं अडला नाहीत की हो!"

हे आधी नवऱ्याला सांगायला हवं, असं वाटलं. मी त्याचा नंबर काढला. लावलासुद्धा. बंद आहे म्हणून बाई सांगायला लागली, तेव्हा मी रडले.