बस्ता बांधेपर्यंत

नवरी सावळी असो, गोरी असो, उंच असो की बुटकी. तिची साडी आधी चनबसप्पा अण्णा स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत. पांढरा लेंगा-शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे, जाड मिशा आणि त्यावर गुलबक्षी शालूचा पदर! बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या की हे गंभीरपणे म्हणायचे, "माझ्यासारख्याला शोभतंय, मग पोरीला शोभणारच की! ठेवू का बाजूला?" नवी पेठेतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक मालकांचं नाव विसरायचं, पण अण्णांना विचारत यायचं.

त्यांचा एक नेम होता. लग्नाच्या बस्त्यातली पहिली साडी ज्यानं उलगडली, त्यानंच शेवटची गाठ मारायची आणि तोवर गादीवरून उठायचं नाही. जुन्या मालकांच्या काळातली ही रीत आम्ही बाकीच्यांनी कधीच गुंडाळून ठेवली होती. खेड्यावरून जीप भरून आलेलं वऱ्हाड दुपारी बसलं की दिवे लागले तरी हलत नाही. माणूस मधे चहाला, लघवीला उठणार नाही तर काय करणार? पण अण्णा म्हणायचे, "अर्ध्यावर उठणाऱ्याच्या हातनं कुणाचा संसार बांधू न्हाई, संज्या." मी हसलो की कानडीत "इरली बिडो", म्हणजे असू दे, सोड रे, म्हणून पुढचा गठ्ठा ओढायचे.

त्या वर्षी लगीनसराईच्या तोंडावर त्यांचं पोट बिघडलं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तोवर टाकीच्या तळाचं गढूळ प्यायचं. पोट बिघडण्याचं कुणाला नवल नाही. पण त्यांचं थांबेना. दोन दिवस बरं जायचं की पुन्हा जुलाब, पुन्हा कळ. त्यावर अण्णांनी काढलेला उपाय अण्णांनाच सुचावा असा होता. बस्ता असेल त्या दिवशी सकाळपासून अन्न नाही आणि पाणीही नाही. वर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून जुलाब बांधणारी गोळी. "पोटात काय न्हाईच, तर भाईर काय येणार?" असं मलाच विचारायचे. गोळीनं जुलाब थांबले की आजार गेला म्हणायचे.

घरी वहिनी ताक, बेलाचा मुरंबा, जिऱ्याचं पाणी करून दमल्या. एकदा त्यांनी मला फोन केला. "भावजी, त्येंना आव पडायलीय, रक्त बी दिसतंय. रातीला अंग तापतंय. माझं ऐकत न्हाईत, तुमी तरी सांगा की." मी सांगितलं, भांडलो, मालकांनाही सांगायला लावलं. मालकांनी तर रिक्षासुद्धा बोलावली होती. अण्णा नेहमीसारखे हसले. "लगीनसराई संपू दे. मग मी आन् माझं पोट, दोगं मिळून जातो की दवाखान्यात." रिक्षावाला थोडा वेळ थांबला आणि दुसरं भाडं घेऊन गेला.

पुढेपुढे खांद्यावर टाकलेला शालू घसरून पडायला लागला. खांदाच उरला नव्हता. बायका हसायच्या थांबल्या होत्या.

शेवटचा बस्ता उजनीकाठच्या एका गावातल्या लोकांचा. केळीची बाग असलेलं खातंपितं घर, मोठा गोतावळा, नवरीची आई पारखी. अण्णा डावा हात बरगडीखाली उजव्या कुशीत दाबून धरायचे आणि उजव्या हातानं साड्या उलगडायचे. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. "अण्णा, उठा, मी बघतो," असं मी कानाशी दोनदा म्हणालो. त्यांनी मान हलवली. शेवटची गाठ मारून, नवरीच्या आईच्या हातात नारळ देऊन ते उठले ते भिंतीला धरूनच. वऱ्हाड जिना उतरून गेलं आणि अण्णा साड्यांच्या ढिगावर कोसळले.

पोटातला संसर्ग यकृतापर्यंत गेला होता. तिथं पू साठून गाठ झाली होती आणि ती आत फुटली. ऑपरेशन झालं, पण अण्णा शुद्धीवर आले नाहीत. डॉक्टर वैतागून बोलले, "आव-रक्त दिसलं, ताप आला, तेव्हाच आणायला हवं होतं. तपासणी आणि गोळ्यांवर भागलं असतं. उपाशी कसले राहता?" वहिनी भिंतीकडे बघत होत्या. मला अण्णांचा संताप आला. आजही येतो, आणि मग डोळे भरून येतात.

दिवाळीच्या आधी ती केळीवाली आई पुन्हा दुकानात आली, लेकीच्या पहिल्या दिवाळसणाची साडी घ्यायला. पिशवीत घरच्या केळ्यांची फणी होती. "त्ये मिशावालं अण्णा कुटं हायत? त्यांच्यासाठी आनलीया." मी सांगितलं. काहीच न लपवता, त्या दिवसाचंही सगळं सांगितलं.

ती गादीच्या कडेला बसली. केळ्यांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "आवं, मग उठायचं की त्यांनी! आमाला काय, दिसभर बसायचंच व्हतं. आमी थांबलो असतो की."