डिक्कीतला दगड

जावयाला नाही म्हणायचं नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून भिनवलेलं. आई गेल्यावर धाकट्या बहिणीचं माहेर म्हणजे मीच. त्यामुळे तिच्या नवऱ्याची हौस पुरवणंही माझ्याकडेच आलं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत दोघं नागपूरहून गाडी घेऊन माझ्याकडे वारासिवनीला आले आणि जावयानं जंगल बघायचं काढलं. आम्ही बैहरच्या रस्त्याला लागलो.

घाट चढल्यावर कडेला दगडांचा कमरेएवढा ढीग दिसला. वर एक चपटा दगड उभा, त्यावर चंद्र-सूर्य कोरलेले. ना देऊळ, ना पाटी. जावयानं गाडी थांबवली.

"ताई, काय होय हे? खजिना असंन खाली."

"असंन कोणाचं तरी, जावईबापू."

"कोणाचं तरी म्हणजे कोणाचंच नाही. आपल्या बागेत मस्त दिसंन हा."

बहीण हसली. "घरी एक दगड हाय ना, सोफ्यावर बसून राह्यते तो."

त्यानं दगड हलवून काढला, छातीशी धरून आणला. डिक्की मी उघडून दिली. फराळाचे डबे सरकवून जागाही मीच केली. तेवढ्यात सायकलची घंटी ऐकू आली, तशी मी अंगावरची शाल काढून दगडावर टाकली आणि डिक्की लावली. मला कोणी सांगितलं नव्हतं.

सायकलवरून पन्नाशीचा एक माणूस उतरला. त्यानं कडेचा एक धोंडा उचलून ढिगावर ठेवला आणि थबकला.

"साहब, यहाँ चाँद-सूरज वाला पत्थर था। देखा क्या?"

"हम तो अभी आए," जावई म्हणाला.

तो ढिगाभोवती फिरला, उतारावर वाकून बघून आला. मग सांगू लागला. त्याची आई लाकडं आणायला गेली होती, तिला इथं वाघानं मारलं. येणारा-जाणारा तिच्या नावानं एकेक धोंडा ठेवतो. वरचा दगड बापानं स्वतः कोरला होता. एवढं सांगून तो माझ्याकडे वळला.

"दीदी, आपने?"

मी नाही म्हणून मान हलवली.

तो दगड आता नागपुरात बागेच्या कट्ट्यात बसवलाय. पाहुण्यांना जावई सांगतो, गोंड राजाच्या खजिन्याची खूण आहे. राजाच लागतो त्याला. लाकडं आणायला गेलेली बाई चालत नाही. माझ्यासमोर हे सांगतो, आणि मी पाहुण्यांपुढे चिवड्याच्या बशा ठेवते. कसला मानपान हा? एका लेकाच्या तोंडावर खोटं बोलले मी, का तर जावई रुसू नये.

परवा शेवटी फोन केला. दगड काढून ठेवा म्हटलं, मी न्यायला येते.

"ताई, सिमेंटात बसला आहे तो. काढताना तुटंन."

"गवंडी मी घेऊन येईन."

मग बहिणीनं फोन घेतला. "एका धोंड्यासाठी काहून तमाशा करून राह्यली? लोक काय म्हणतीन त्याईले?"

तेव्हापासून ती बोलत नाही. न बोलू दे. रविवारी मी जाणार आहे.

त्या माणसाला कसं शोधायचं, माहीत नाही. ढिगापाशी बसून राहीन, येईल तो. दगड सापडला, असं सांगायचा मोह होतोय, अजूनही. पण आम्हीच नेला होता, तुम्ही विचारलं तेव्हा गाडीतच होता, एवढं मला म्हणावंच लागेल.