घाटातल्या घरची थोरली

लग्न करून अड्याळहून पवनीला आले तेव्हा माझ्या बॅगेत चार कादंबऱ्या होत्या. सासरी पुस्तक कुणी हातात धरत नव्हतं. घरात माणसं मोजकी: सासरे, नवरा, मी आणि मोठी जाऊ. मोठे दीर त्यांच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारले होते. मूलबाळ नव्हतं, तरी जाऊ माहेरी गेली नाही. सगळं घर तिच्याच हातात होतं. खाली साड्यांचं दुकान नवरा बघायचा. वर राहणं, आणि त्याच्याही वर माडी. घरचे हातमाग बंद झाल्यावर एकच माग विकायचा राहिला होता, तो तिथं उभा होता.

मला लहानपणापासूनची सवय आहे. कादंबरी संपली तरी मी तिच्यातून बाहेर येत नाही. माहेरी भातशेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून मी समुद्र बघितला आहे, जहाजावरच्या माणसांशी बोलले आहे. पवनीतल्या पहिल्या हिवाळ्यात वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली, तिनं तर मला पुरतंच ओढून नेलं. एका घाटात, गाड्या थांबतात तिथं, खाणावळ चालवणारं कुटुंब. दिवसभर धुकं, ओल्या लाकडांचा धूर. दोन जावा. धाकटीला शाळेत शिकवायला जायचं असतं. तिच्या नावानं शाळेची पत्रं येतात आणि थोरली ती तांदळाच्या डब्यात लपवते. धाकटीला कळतं तोवर उशीर झालेला असतो.

आमच्या मुलुखात सगळी सपाट भातजमीन. घाट मी तोवर पाहिलेलाही नव्हता. पण पोपटीच्या शेंगा सोलता सोलता रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की मला वाटायचं, आता गाडी वळणावरून उतरेल, धाकटी दारात येईल. मी तिला काय सांगायचं ते ठरवून ठेवलेलं असायचं.

"लक्ष कुठं हाये व तुयं?" जाऊ म्हणायची. "भाजी करपून राहिली."

कादंबरी वाचून झाली आणि परत करायच्या आधीच घरातून नाहीशी झाली. मी गादीखाली, कपाटामागं, दुकानात, सगळीकडे शोधलं. वाचनालयातल्या बाईंनी सगळ्यांसमोर मला सुनावलं. पुस्तक गेलं, तरी माझं घाटात जाणं थांबलं नाही.

त्याच सुमारास मी साकोलीकडच्या एका निवासी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखतीचं बोलावणं यायचं होतं. पंधरा दिवस गेले, महिना गेला. आणि माझ्या मनात संशयानं घर केलं.

टपाल दुकानात यायचं. अकराच्या सुमारास चहा घेऊन खाली कोण जायचं? जाऊ. वर येताना तिचा एक हात पदराखाली का असायचा? दुपारी सगळे आडवे झाले की ती माडीवर जायची आणि दार लावून घ्यायची. विचारलं तर म्हणायची, "माग झाडाले गेल्ती." मी एकदा मागावर बोट फिरवून बघितलं. धूळ बोटभर होती.

मग मी तिच्यावर पाळतच ठेवली. ती पायऱ्या किती वाजता चढते, किती वाजता उतरते. उतरल्यावर तिचे डोळे लाल का असतात. एकदा ती आंघोळीला गेलेली बघून मी तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. तळापर्यंत चाचपत होते, तेवढ्यात ती मागं येऊन उभी.

"काय शोधून राहिली व?"

"सोंडे झाले का पाहते," मी म्हणाले.

तिनं कोठीचं झाकण लावलं. त्या दिवसापासून तीही माझ्याकडे बघायला लागली. एका संध्याकाळी तिनं सरळच विचारलं, "तू एकटी एकटी काहून हासते? कोणाचा फोन येते का तुले?"

मी नाही म्हणाले. तिला पटलं नाही, हे मला दिसलं. आम्ही दोघी एकाच चुलीपुढं बसायचो आणि एकमेकींवरची नजर हलू द्यायचो नाही.

संक्रांतीला ती शेजारणींबरोबर वैनगंगेवर आंघोळीला गेली. मी तडक माडीवर गेले. मागाच्या आड तिची लोखंडी पेटी होती. कुलूप नुसतंच अडकवलेलं. वरच्या दोन साड्या, एक चादर, दिरांचा घडी घातलेला सदरा. तो उचलून मी बाजूला ठेवला. खाली पत्र नव्हतं. माझी हरवलेली कादंबरी होती.

पानोपानी पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, अवघड शब्दांखाली. मी त्या बघत बसले आणि वेळेचं भान राहिलं नाही.

"पेटी माही हाये," दारातून आवाज आला. जाऊ ओल्या केसांनी उभी होती.

मी घाबरले, आणि घाबरल्यामुळेच चढ्या आवाजात म्हणाले, "माझं पत्र कुठं आहे?"

"कोणतं पत्र?"

"शाळेचं. तुम्हीच ठेवलं ना लपवून?"

ती आत आली, सदरा उचलून मांडीवर घेतला आणि खाली बसली. "पुस्तक मीच घेतलं," ती म्हणाली. "तुले मागून घ्याची लाज वाटली. सातवीपर्यंत शिकली मी. जोडाक्षर आलं का अडते. तू हासत राहे, मधीच डोळे पुसत राहे. वाटलं, असं काय असन यात?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अर्ध्यावर आली तवा समजलं, तू तांदळात हात काहून घातला होता थे."

मला तिच्याकडे बघवेना. जी बाई कुणी वेगळीच होती, तिच्या अंगावर मी पुस्तकातली थोरली चढवली होती.

"पण थोरलीचं मले समजते," ती पुढं म्हणाली. "धाकटी गेली असती तर त्या धुक्यात थे एकटीच राह्यली असती. मी तुयं पत्र लपवलं नाई. आलं असतं तर लपवावं वाटलं असतं, खोटं कायले बोलू? पण पत्र आलंच नाई. तू दुकानात विचारलं का?"

नव्हतं विचारलं. ते मला सुचलंच नव्हतं. कादंबरीत पत्र लपवणारी जाऊ होती, म्हणून मीही फक्त जावेकडेच बघत राहिले.

दोन दिवसांनी बसनं साकोली गाठली आणि शाळेत गेले. तिथल्या कारकुनानं वही उघडून सांगितलं, "फोन केला होता मॅडम. तुमची इच्छा नाही म्हणून सांगितलं." अर्जावर मी नवऱ्याचा नंबर लिहिला होता. तो दिवसभर फोनजवळ असतो म्हणून.

परतीच्या प्रवासात मी खिडकीशी बसले होते. नेहमी अशा वेळी मी कुठल्या कुठं निघून जाते. त्या दिवशी कुठंच जाता आलं नाही. तलाव, धानाची रिकामी शेतं, थांबे, सगळं जसंच्या तसं दिसत राहिलं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नवरा साड्यांच्या घड्या घालत होता.

"शाळेचा फोन आला होता?"

त्याचे हात थांबले. "आल्ता."

"मग?"

"मीच नाई म्हटलं."

"काहून?"

तो घडीवरून हात फिरवत राहिला. "तिथंच राहा लागते म्हणे त्या शाळेत. तू घरात असून घरात नसते. मी बोलतो, तू दुसरीकडंच कुठं पाहते. मले वाटलं, एकदा गेली का वापस येतच नाई."

म्हणजे तोही बघत होता. जावेइतकाच, माझ्याइतकाच. मला संताप आला होता आणि तरीही त्याचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं म्हणता येत नव्हतं. "नाही म्हणायच्या आधी मले विचारायचं होतं," एवढंच मी म्हणाले आणि वर गेले. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

जावेनं कादंबरी संपवली आणि स्वतः वाचनालयात नेऊन दिली. माझ्यासमोर त्या बाईंना म्हणाली, "हिनं नाई हरवलं, माह्याजवळ होतं." वाचनालय तिनं त्या दिवशी पहिल्यांदा आतून बघितलं.

पुढच्या वर्षी अड्याळच्या एका शाळेत जागा निघाली. अर्जावर मी माझा नंबर लिहिला. आता रोज बसनं जाते, संध्याकाळी परत येते. नवऱ्याचा फोन वाजला की अजून माझे कान तिकडे जातात. मला ते आवडत नाही, पण जातात.

अलीकडे एका सकाळी चहा पिता पिता त्यानं विचारलं, "वहिनी सांगत होती त्या घाटातल्या पुस्तकात धाकटीचा नवरा कसा हाये?"

मी आठवून बघितलं. "त्याच्याबद्दल फारसं लिहिलंच नाही," मी म्हणाले.

त्यानं कप विसळून ठेवला आणि दुकान उघडायला खाली गेला.