रुमालाखालची बोटं

मी चौथी पास. माझा धाकटा भाऊ वकिली पास. त्याला शिकवला मी, म्हणून त्याच्या नोकरीच्या अर्जात बोलायचा हक्क माझा, असं मी तेव्हा समजत होतो. अजूनही समजतो.

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्याच्या एका मोठ्या वकिलांना हाताखाली माणूस पाहिजे होता. ते व्यापाराचेच दावे चालवत. सौदे, करार, भागीदाऱ्या. हेच काम का पाहिजे, ते अर्जात लिहायचं होतं. भावानं इंग्रजीत पानभर लिहिलं आणि अमरावतीला आमच्या ओसरीवर बसून मला मराठीत सांगितलं. देशाची प्रगती, उद्योगाची भरभराट, लहानपणापासूनची आवड.

"लहानपणी तुले भोवऱ्याची आवड होती," मी म्हणालो.

"भाऊ, असंच लिहा लागते."

"खरं काहून नाही लिहीत?"

खरं काय, ते दोघांनाही माहीत होतं.

पाच-सहा वर्षांआधी मी कापसाच्या एका व्यापाऱ्यावर दावा लावला होता. बाजारात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. हातावर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची, जेवढी बोटं तेवढा भाव, बाजूच्याला कळू नये म्हणून. बोटं दाबली की सौदा पक्का. माझा कापूस तोलून झाल्यावर हा व्यापारी म्हणाला, एवढी बोटं दाबलीच नव्हती.

कोर्टात त्याचा वकील म्हणाला, "कशी दाबली, ते साहेबांना दाखवा." मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, वकिलाच्या हातावर टाकला आणि खालून बरोबर दाबून दाखवलं. जजसाहेबांना नुसता दुपट्टा दिसला. सारं कोर्ट हसलं. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. रीत तशीच होती. दावा गेला. भाऊ मागच्या बाकावर होता, तो हसला नाही. पुढं त्यानं वकिलीलाच नाव घातलं.

"हे लिही," मी म्हणालो.

"त्या व्यापाऱ्याचे वकील हेच होते, भाऊ."

"मंग त्यायले पुरावा द्या लागत नाही."

"तुमाले पुन्हा हसतीन."

"हसू दे. मी काय नोकरी मांगून राहिलो?"

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज टपालात टाकून आला. कोणता टाकला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

बोलावणं आलं. तो नको म्हणत असताना मी बडनेरा स्टेशनवरून त्याच्याच गाडीत बसलो. अकोल्यात वकिलांच्या दाराबाहेर बाकावर बसलो. दार उघडंच होतं.

आतून वकील म्हणाले, "बाकीच्या अर्जांत देशाची प्रगती आहे. तुमच्यात दुपट्टा आहे. त्या दिवशी तुम्ही भावाचे वकील असता, तर काय केलं असतं?"

भाऊ म्हणाला, "दुपट्टा टाकू दिला असता. मग साहेबांना विनंती केली असती, आपणही हात खाली घाला."

मग वकील म्हणाले, "सोमवारपासून या."

ते भावाला सोडायला दारापर्यंत आले. मला ओळखलं.

"बोटं तेवढीच होती," मी म्हणालो.

"असतील," ते म्हणाले.

वकील माणूस याहून जास्त कबूल करत नसतो, असं भावानं स्टेशनवर मला समजावलं. मला ते पुरलं नाही. पण सोमवारी त्याला गाडीत बसवायला मीच गेलो.