दहिवडी ते मिरज, मागं आई आणि तिच्या मांडीवर डबा

आतापर्यंत इथं मी उटी, वालपराई, मुन्नार असल्या घाटांबद्दलच लिहिलंय. कोइमतूरला गलाईच्या दुकानात कामाला आहे, म्हणजे जुनं सोनं वितळवून त्यातली घाण काढायची. सुट्टी मिळाली की एका जागी बूड टिकत नाही, मग गाडी काढतो. शाळा नववीतनं सोडली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. यावेळचा रस्ता साधा सपाट आहे, पण इतका लांबचा प्रवास मी आजवर केला नव्हता.

पंधरा दिवसांच्या रजेवर गावी आलो होतो. गाव दहिवडीजवळ, माण तालुक्यात. बायको शीतल सातव्या महिन्यात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "संत्या, मला मिरजेला सोड. तीन दिवसांचं शिक्षण हाय, आशाताईनं नाव घातलंय माझं."

माझी आई बाळ-बाळंतिणीचं करते. आंघोळ, मालिश, शेक. आसपासच्या चार वाड्यांतली निम्मी पोरं तिच्या पायावर न्हालीत. पूर्वी सरकारी ट्रेनिंगमध्ये तिला सामान ठेवायचा पत्र्याचा एक डबा मिळाला होता, तो तिनं देवासारखा जपलाय. अशा बाईनं आता काय शिकायचं, असं तुम्ही म्हणाल. मी विचारलं नाही. मला कारण माहीत होतं.

आमची पहिली पोरगी स्वरा पंधरा दिवसांची असताना तिला धाप लागली. सहा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. डॉक्टरांनी विचारलं, "नाकात तेल कुणी घातलं?" आई तिथंच उभी होती, मीही होतो. कुणीच बोललं नाही. पोरगी बरी झाली, आता तीन वर्षांची आहे, दिवसभर शेळ्यांच्या मागं पळते. पण त्या दिवसापासून शीतलनं आईला पोरीला आंघोळ घालू दिली नाही. भांडली नाही, टोमणा नाही. नुसतं बादली उचलून स्वतः घालायला लागली. आणि आता दुसरं येणार होतं.

दिवस पहिला

सकाळी सातला निघालो. मायणी, विटा, तासगाव, सांगली करत मिरज. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धरा. मागं आई-मावशी बसणार असतील तर सीटवर घडी केलेली गोधडी टाका आणि दर तासाला थांबा. आई एका अंगाला बसली, मांडीवर डबा. खड्डा आला की डबा आधी सावरायची, मग स्वतःला.

मायणीच्या तलावाजवळ थांबलो. थंडीत इथं पाखरं येतात. मी फोटो काढत होतो तर आई म्हणाली, "पाखरं काय बघतूस, भजी गार व्हत्यात." भजी चांगली होती, चहा गोडमिट्ट. विट्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, तिथं घाई करू नका, एकामागं एक तीन-तीन असतात. तासगावला द्राक्षबागा लागल्या तसा आईनं डबा पोटाशी धरला. मी आरशात बघितलं.

"काय झालं?"

"तितं सगळ्या शिकलेल्या असतील रं."

"तू शिकवशील त्यांना."

"गप. रस्त्याकडं बघ."

मिरजेत बायकांची राहायची सोय शिक्षण देणाऱ्या संस्थेनंच केली होती. मी स्टेशनजवळ लॉज घेतला, सहाशे रुपये, पाणी गरम, गादी विसरा. आईला सोडलं आणि मोकळा झालो. सांगलीला जाऊन कृष्णेच्या घाटावर बसलो, भडंग खाल्लं, परत आलो. तेवढ्यातच कंटाळा आला.

दिवस दुसरा

संस्थेच्या अंगणात गाडी पुसत बसलो होतो. आतनं शिकवणाऱ्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पूर्वी नर्स होत्या, आवाज एकदम शांत. "नवरा व्हायला एक पुरुष पाहिजे. येता का?"

आत वीसेक बायका. निम्म्या आईसारख्या जुन्या, निम्म्या तरण्या. सांगलीची एक पोरगी तर मोबाइलवर बुकिंग घेऊन फ्लॅटमध्ये मालिशला जाते. मॅडम सांगत होत्या की बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ थांबणारी, धीर देणारी, नंतर घरी येऊन आईला आणि बाळाला सांभाळणारी जी शिकलेली सोबतीण असते, तिला शहरात डूला म्हणतात. तपासणं आणि औषध हे डॉक्टर-नर्सचं काम. सोबतिणीनं पोट दाबायचं नाही, बाईला एकटं सोडायचं नाही, आणि दोन वर्षांनी पुन्हा शिकायला यायचं.

फलटणच्या हमीदामावशी कळा देणारी बाई झाल्या. साठीच्या, दोन्ही गुडघे दुखणारे. त्या खुर्चीला धरून वाकल्या आणि मला त्यांच्या माकडहाडाच्या जरा वर, कमरेशी तळहातानं दाब द्यायचा होता. मी लाजत हात ठेवला.

"आवं मॅडम, ह्यो काय नवरा हाय? सोनं गाळून गाळून हात मऊ पडल्यात ह्याचं! दाब रं, मी काय पापड न्हाई."

सगळ्या हसल्या. आई तोंडाला पदर लावून सगळ्यांत जास्त.

मॅडम म्हणाल्या, "थांबा. तुम्ही विचारलं का त्यांना?"

"काय?"

"हात लावू का, असं."

खोलीत कुजबुज झाली. आई बोललीच, "बाळंतिणीला काय इचारायचं? कळा यायला लागल्या की तिला कुटं भान असतंय?"

"तेव्हाच विचारायचं," मॅडम म्हणाल्या. "तिच्या अंगाला दिवसभर सगळेच हात लावत असतात. एकीनं तरी विचारावं."

आईनं मान हलवली, पण पटलं नव्हतं. मी ओळखतो.

दुपारी बाहुलीला आंघोळ घालून दाखवायची होती. पाळी आईची आली. खाली बसून पाय पसरले, बाहुली पायावर घेतली. आईचे हात चालायला लागले तशा सगळ्या पुढं सरकल्या. डोक्यावर पाणी घेताना कपाळाला आडवा हात, मान सावरलेली, पालथी करताना हलका झोका. ती सांगलीची पोरगी मोबाइलवर शूटिंग करत होती. शेवटी आईनं पुसून बाहुली सुलटी केली, करंगळी तेलाच्या वाटीत बुडवली आणि थेट बाहुलीच्या नाकाशी नेली.

सवयीनं. मग हात तसाच थांबला.

मॅडम रागावल्या नाहीत. "का घालतो आपण?"

"नाक सुटावं म्हणून. सासूनं शिकिवलं."

"ते तेल नाकात थांबत नाही. श्वासाबरोबर छातीत उतरतं."

आई वाटीकडं बघत होती. खूप हळू आवाजात तिनं विचारलं, "मग पोराला धाप लागती?"

"लागू शकते. कुणाला लागली होती का?"

मी दाराशी उभा होतो. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. "माझ्या नातीला. मीच घातलं हुतं. डागदरनं इचारलं तवा गप बसले."

तीन वर्षं हे वाक्य आमच्या घरात जेवायला बसत होतं. कुणी त्याला ताट वाढलं नव्हतं.

हमीदामावशी आईशेजारी सरकल्या. "मीबी घातलं गं बाई. किती पोरांच्या, काय सांगू. आपल्याला कुणी सांगितलंच न्हाई."

"आता सांगितलंय," मॅडम म्हणाल्या. "मालिश सोडू नका, तुमच्यासारखी आंघोळ मलासुद्धा जमत नाही. तेल नाकाकानात नाही, एवढंच."

दिवस तिसरा

शेवटच्या दिवशी मीही आतच बसलो, आईच्या वहीत लिहायला. माझं अक्षर आणि तिची आठवण, दोन्ही मिळून काम झालं. पहिलं चिकाचं दूध पाजायचं, फेकायचं नाही, आणि तेही पहिल्या तासात. मध नाही, गूळपाणी नाही, धुरी नाही, काजळ नाही. रक्त फार जायला लागलं, ताप आला, झटका आला, डोकं दुखून डोळ्यापुढं अंधारी आली तर घरगुती काही करत न बसता लगेच दवाखाना. बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही रडतच असेल तर नाटक समजायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. हे लिहिताना मला स्वराच्या वेळची शीतल आठवली. दवाखान्यातनं आल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडायची. मी आठ दिवसांत कोइमतूरला निघून गेलो होतो.

परत येताना विट्यात जेवलो, साधी राइसप्लेट. मी म्हणालो, "बघ, तुमचं पण आमच्या गलाईसारखंच निघालं. घाण काढायची, सोनं ठेवायचं."

"म्हंजी मला भट्टीत घातलं व्हय तुमी सगळ्यांनी," आई म्हणाली आणि माझ्या ताटातला पापड उचलला.

घरी

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतल अंगणात स्वराला आंघोळ घालत होती. पोट सांभाळत वाकली, उठताना कमरेवर हात ठेवून थांबली. आई उंबऱ्यात उभी होती. एरवी ती सरळ गेली असती, पाठ धरली असती आणि वर बोललीही असती. त्या दिवशी ती जागची हलली नाही.

"शीतल, कंबर दुखतीया? हात लावू का?"

शीतल वळून बघतच राहिली. लग्नाला पाच वर्षं झाली, आईनं तिला असं काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

आई म्हणाली, "पोरीच्या नाकात तेल मी घातलं हुतं. डागदरापुढं बोलाया पायजे हुतं."

"ठावं हाय मला, आत्या."

स्वरा बादलीतल्या पाण्यात हात मारत होती. मग शीतलनं भिंतीला दोन्ही हात टेकले आणि पाठ केली. आई गेली, तळहात ठेवला.

"जरा खाली. हां. तितं."

मी आता पुन्हा कोइमतूरला आहे. रस्त्याचं विचाराल तर थंडीत जा, मायणीला थांबा, आणि घरातलं कुणी असं शिकायला जाणार असेल तर सोडून पळू नका, आत जाऊन बसा. आईच्या डब्यात आता थर्मामीटर आहे आणि माझ्या अक्षरातली वही. तेलाची वाटी मालिशला आहेच.

काल शीतलचा फोन आला. दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी आत सोबत एक बाई चालते, त्यासाठी तिनं आईचं नाव दिलंय.

मी म्हणालो, "कंबर दाबायला मीबी शिकलोय की. माझं काय?"

"तुमी आधी वेळंवर पोचा तर खरं," ती म्हणाली.

तिकीट काढलंय.