यादीत नसलेलं मीठ

मी मुळात भित्री बाई आहे. विधानभवनात मेजवान्यांच्या कामावर मला सात वर्षं झाली, तरी अजून गेटवरच्या पोलिसाने नुसतं "मॅडम" म्हटलं की मला वाटतं, माझं काहीतरी चुकलं. काम तसं सरळ आहे. अधिवेशन असो नसो, त्या इमारतीत कोणाचं ना कोणाचं जेवण असतंच. समितीची बैठक असते, परराज्यातले पाहुणे असतात, कोणाचा तरी सत्कार असतो. खुर्च्या, पास, पानं, वाढपी, सगळं कंत्राटदाराच्या वतीने मी बघते. नोकरी वर्षाच्या करारावर. करार संपायचा महिना आला की मला घास गोड लागत नाही.

त्याच महिन्यात आमच्या मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "तुमच्याकडचं काही करता येईल का? समितीचे चाळीस पाहुणे आहेत, दुपारचं भोजन. त्यांना हॉटेलसारखं नकोय, ठाणे जिल्ह्यातलं काहीतरी घरचं हवंय."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझ्या सासूबाई वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या करतात. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत त्यांना लग्नाला बोलावतात."

हे खरंच होतं. पालेगावात आमच्या शेताच्या जागी आता चौदा मजले उभे आहेत, पण हळदीचा स्वयंपाक म्हटला की त्या चौदा मजल्यांतलेही लोक आईंनाच शोधत येतात. साहेब म्हणाले, "मग लेखी द्या. काही तक्रार झाली तर जबाबदारी तुमची." मी सही केली. घरी येऊन चप्पल काढता काढता त्या सहीचा अर्थ लक्षात आला. बिरडं बिघडलं तर पुढच्या महिन्यात माझा करार होणार नव्हता, इतकं ते सोपं होतं.

आईंना सांगितलं तेव्हा त्या वाल निवडत होत्या. मला वाटलं होतं, खूश होतील. त्यांनी हातातली मूठ निवडून संपवली. मग म्हणाल्या, "दुसरा कोन नाय काय?"

"का हो आई?"

"नाय, इचारला."

मी ते लाजणं समजले. माणूस आपल्याच भीतीत बुडालेलं असलं की दुसऱ्याची भीती त्याला दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

मग तयारी. उल्हासनगरला जाऊन एप्रन आणि डोक्याच्या टोप्या आणल्या. दुकानदार सिंधी, ओळखीचा, आल्याबरोबर पापड आणि पाणी पुढे करणारा. कुठे जायचंय ऐकल्यावर त्याने आईंकडे बघून हात जोडले. "मासी, असेंब्लीमध्ये जेवण करणार? मग हा हलका माल नको, हा डबल शिलाईवाला घ्या. इज्जतचा सवाल आहे." आईंच्या लुगड्यावर तो पांढरा एप्रन बांधून बघितला तेव्हा दुकानातल्या सगळ्यांना हसू आलं, आईंनाही आलं. मला मात्र इज्जत हा शब्द पापडाच्या तुकड्यासारखा घशात टोचत राहिला.

पोलीस पडताळणी झाली, दोघींचे पास झाले. आत न्यायच्या वस्तूंची यादी मी तीन प्रतींत केली: मोड आणून सोललेले वाल, तांदळाचं पीठ, कांदे, ओलं खोबरं, कोकम, गूळ, घरचा मसाला, दोन परातीही. रात्री तीनदा वाचली. सकाळी टेम्पोत बसल्यावर चौथ्यांदा वाचली. काही राहिलेलं दिसलं नाही.

गेटवर सामान मशीनमधून गेलं आणि एक पिशवी बाजूला निघाली. हवालदाराने ती उचलून उजेडात धरली. आत पांढरे खडे, पिशवीवर नाव नाही, शिक्का नाही.

"हे काय?"

"मीठ," मी म्हटलं.

"यादीत कुठंय?"

मी यादी बघितली. नव्हतं. ते का नव्हतं हे मला लगेच कळलं. आईंचं माहेर खाडीकाठचं, मिठागरातलं. मी विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलेली, देशावरच्या घरातली. लग्न होऊन आले त्या वर्षी मी लग्नघराच्या सामानाच्या यादीत मीठ लिहिलं होतं, तर आईंनी कागद माझ्याकडे परत सरकवला होता. "आपले घरान मीठ लिवत नाय." त्यांच्यात मीठ भावाकडून गोणीने येतं आणि बरणीत असतंच. ते यादीत लिहिणं म्हणजे घरात ते नाही असं म्हणणं. बारा वर्षं मी यांच्या याद्या करत आले, आणि बारा वर्षांत एकदाही मीठ लिहिलं नाही. सरकारी यादीतही माझा हात तिथे आपोआप थांबला होता.

आई हवालदाराला म्हणाल्या, "मीठच हाय बाबा. चाखून बघ."

"मावशी, यादीत नाही ते आत नाही. जाताना घेऊन जा." तो काही उद्धट बोलला नाही. त्याचं कामच ते होतं. चूक माझी होती आणि ती माझ्या सहीच्या कागदावर होती.

मी आईंना म्हटलं, "आत पाकिटातलं मीठ आहे, काही बिघडत नाही." त्यांनी मान हलवली. पण लिफ्टमध्ये त्यांनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी धरलं नव्हतं. मी समजले, लिफ्टला घाबरल्या.

भटारखान्यात आईंना एक शेगडी मिळाली. मुख्य आचारी लांबून बघत होता. त्याचं बाकीचं जेवण तयारच होतं, आणि बाहेरची बाई येऊन आपल्या पातेल्यात पळी घालते हे त्याला रुचलं नव्हतं. आईंनी फोडणी केली, वाल परतले, पाणी घातलं. मग पाकिटातलं बारीक मीठ परातीत ओतून घेतलं आणि नेहमीसारख्या मुठी टाकल्या. एक, दोन, तीन, चार, आणि वर चिमूट. त्यांची मूठ चुकत नाही असं आमच्याकडे म्हणतात, आणि ती चुकलीही नव्हती. चार मुठी म्हणजे चारच मुठी. फक्त जाड्या खड्यांच्या मुठीत जेवढी हवा असते तेवढी बारीक मिठाच्या मुठीत नसते. हे मी तिथे उभी राहून बघितलं आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मी पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या मोजत होते.

आई शिजताना चाखत नाहीत. गावदेवीला नैवेद्याची वाडी दाखवल्याशिवाय अन्न तोंडात घालायचं नाही, ते उष्टं होतं. लग्नघरीही हेच. पातेलं उतरलं की पानावर थोडं काढायचं, पाणी फिरवायचं, हात जोडायचे, आणि मग इतरांनी खायचं. विधानभवनाच्या भटारखान्यातही त्यांनी एका खिडकीपाशी केळीचं पान ठेवलं आणि पालेगाव कुठल्या दिशेला असेल ते मला विचारलं. मी अंदाजाने बोट दाखवलं.

साडेअकरा वाजले होते. बाराला अन्न तपासायला अधिकारी येणार होते. ते चाखून सही करतात, मगच जेवण दालनात जातं. पाहुणे एकला. हात जोडून झाल्यावर मी चमचा भरून तोंडात घातला.

खारट. नुसतं जास्त नव्हे. ते तोंडात धरवेना.

माझ्या तोंडचं पाणी पळालं असं म्हणायची सोय नव्हती, कारण तोंड मिठाने भरलं होतं. मी आईंना कोपऱ्यात ओढलं आणि चमचा त्यांच्यापुढे धरला. "आई, चाखा. लवकर चाखा. काय करायचं सांगा."

त्यांनी चमचा घेतला. तोंडात घातला. गिळला. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय? तुम्ही आत्ता खाल्लंत ना."

"मना नाय कलत, पोरी." आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. "दोन वर्सां झाली. त्या तापान पडलेली, तवापासना. मीठ नाय, गोड नाय, कायच नाय. वासही नाय."

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत किती हळदी, किती बारशी, घरची रोजची आमटी. मी त्यांच्या हातचं रोज खात होते. "मग तुम्ही करता कशा?"

"हाताचे अंदाजान. आनी मानसा जेवतान तवा त्यांचे तोंडाकडं बघते."

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, आधी राग आला, आणि तो भीतीचाच होता. सांगायला काय झालं होतं, असं मी म्हणणार होते. मग त्यांचे हात दिसले. ते एप्रनच्या दोऱ्या पिळत होते.

"किती खारट?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"रागावू नको. तू चाख, मी करते. तू जीभ, मी हात."

आचाऱ्याकडे मी गेले. आयुष्यात कोणापुढे इतकी लाचार झाले नसेन. नारळाचं दूध मागितलं. त्याने एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा आईंकडे, आणि काही न विचारता सोलकढीसाठी काढलेल्या दुधातलं मोठं भांडं पुढे सरकवलं. त्या माणसाबद्दल सकाळपासून मनात जे जे म्हटलं होतं ते मी सगळं मागे घेतलं.

आईंनी दूध ओतलं. मी चाखलं. "अजून." पुन्हा ओतलं, आधणाचं पाणी, गुळाचा खडा, कोकमाच्या दोन पाकळ्या. "अजून." पाचव्या चमच्याला मला काहीच कळेना. जीभ सुन्न झाली. खारट आहे की नाही, गोड आहे की नाही, सगळं सारखंच. त्या क्षणी मी जितकी घाबरले तितकी कधीच घाबरले नव्हते. तोंडात अन्न आहे आणि ते कसं आहे ते सांगता येत नाही. मी आईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "पानी पी. थांब वाईच. घाई करू नको." हे त्यांना ठाऊक होतं म्हणून त्या शांत होत्या, की शांत दिसायची सवय झाली होती, देव जाणे.

पाणी प्यायले, थांबले, पुन्हा चाखलं. पुष्कळ उतरलं होतं, तरी चिमूटभर जास्तच होतं. दूध संपलं होतं.

"भाकरीच्या उकडीन मीठ घालू नको," आई म्हणाल्या. "एकदम अलनी करू. दोनी एकत्र खाल्ला का जमंल."

अधिकारी बाराला पाच मिनिटं असतानाच आले. त्यांनी वाटीत बिरडं घेतलं आणि चमचा उचलला. मी पुढे झाले, ताटलीत गरम भाकरी ठेवली. "सर, हे भाकरीशीच खातात. आमच्याकडे तशीच रीत आहे." अशी काही रीत नाही. त्यांनी चमचा ठेवला, तुकडा मोडला, बुडवला, खाल्ला. चावत राहिले. भिंतीवरचं घड्याळ मी बघत होते आणि मला काटे दिसत नव्हते. त्यांनी दुसरा तुकडा मोडला. मग सही केली.

दालनात मी वाढप्यांच्या मागे उभी होते. भाताबरोबर बिरडं जाऊ नये म्हणून आधी भाकरी, आणि भाकरी संपायच्या आत दुसरी, एवढंच मी सगळ्यांच्या कानात सांगत फिरत होते. एका वयस्क पाहुण्या बाईंनी भात मागितला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी कालवला, खाल्ला, आणि पाण्याचा पेला उचलला. नंतर त्यांनीच पुन्हा बिरडं मागून घेतलं. शेवटी साहेबांनी आईंना बाहेर बोलावलं. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. आई टोपी सरळ करत उभ्या होत्या आणि ओळीने एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. सगळ्यांना वाटलं, बाई लाजली. त्या काय शोधत होत्या ते त्या दालनात फक्त मला माहीत होतं.

जाताना साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात करारावर सही करून टाका." मी होय म्हटलं. आनंद व्हायला हवा होता.

सगळं आवरल्यावर आम्ही भटारखान्यातच जेवायला बसलो. मी आईंचं ताट वाढलं. बिरडं, भाकरी, थोडा भात. त्या सावकाश जेवत होत्या, सगळं संपवत होत्या, पानात काही टाकायची त्यांना सवय नाही. मी एक दुपार घाबरले होते. त्या दोन वर्षं रोज तीन वेळा घाबरत होत्या, आणि आमच्याबरोबर पंगतीत बसून.

अर्धी भाकरी झाल्यावर त्या थांबल्या. आचाऱ्याकडे नाही, वाढप्यांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"खरा सांग. कसा झायलाय?"

"छान झालंय," असं ओठावर आलं होतं. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी तेच म्हटलं होतं.

"वाल मऊ आहेत, गोडसर लागतात. मागून खोबरं येतं, मग कोकम," मी म्हटलं. "मीठ अजून थोडं जास्त आहे."

त्यांनी घास हातात धरून ते ऐकलं. मग तो तोंडात घातला आणि डोळे मिटून, मी सांगितलं तसा, चावत राहिल्या.